हद्दीच्या दगडाशेजारची रात्र

माझं काम क्वालिटीचं. वाळूजच्या एका कारखान्यात मी सुटे भाग तपासते. समोर आलेला भाग खोटा आहे असं धरूनच हातात घ्यायचा आणि खरा निघाला तरच पुढे सोडायचा, अशी आमची शिकवण. ही सवय गेटवर काढून ठेवून घरी येता येत नाही. भाजीवाल्याचा काटा, रिक्षावाल्याचा रस्ता, पाहुण्यांचं गोड बोलणं, सगळं मी एकदा उलटंपालटं करून बघते. नवरा म्हणतो, तू देवालाही माप तपासायचं गेज लावशील. लावीनही.

त्यामुळे हर्सूलच्या पलीकडे, जळगाव रोडपासून बरंच आत असलेल्या आमच्या प्लॉटवर रात्र काढायची वेळ आली तेव्हा मला अंधाराची भीती नव्हती. विंचवाकाट्याचीही फारशी नव्हती. भीती होती ती शेजारच्या प्लॉटवरच्या माणसाची.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी आमच्या घराचा पाया खणायला घ्यायचा होता. मिस्त्री सकाळी येऊन फक्की मारणार, म्हणजे चुन्याच्या रेघांनी पाया आखून देणार, आणि त्या रेघांवर मजूर कुदळ चालवणार. आदल्या दुपारीच सळया, सिमेंट आणि विटा येऊन पडल्या. त्या भागात घरं अजून विरळ होती, आणि उघड्यावरच्या सळया सकाळपर्यंत जागेवर राहतील असं छातीवर हात ठेवून कुणी सांगेना. राखणीला नवरा थांबणार होता. आम्ही दोघांनी मिळून चार बल्ल्या रोवल्या, वर निळी ताडपत्री ओढून बांधली, तिची एक कड जमिनीला टेकवून त्यावर विटा ठेवल्या. झालं आमचं पहिलं घर. तेवढ्यात त्याला कारखान्यातून फोन आला. रात्रपाळीचा माणूस आजारी होता, मशीन बंद ठेवता येत नव्हतं, यावंच लागेल म्हणाले. नवऱ्याने फोन खिशात टाकला आणि माझ्याकडे पाहिलं. मी सळयांकडे पाहिलं. मी थांबते, म्हटलं.

सासूबाई म्हणाल्या, मी येते सोबतीला. त्या गावाकडून दिवाळीला आल्या होत्या. सिल्लोड तालुक्यात आमची थोडी शेती आहे, तिथे त्या एकट्याच राहतात. मी त्यांना आत्या म्हणते. येताना त्यांनी भाकरी, ठेचा, दोन गोधड्या आणि एक खुरपं आणलं होतं. खुरपं कशाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, उशाशी लोखंड असलं की रात्रीचं काही जवळ येत नाही. एरवी मी अशा गोष्टींना हसते. त्या दिवशी हसले नाही. लोखंड ते लोखंड, असू दे जवळ.

आता त्या शेजाऱ्याबद्दल सांगते. आमच्या आणि त्याच्या प्लॉटमध्ये तेव्हा भिंत नव्हती, तार नव्हती. पुढे रस्त्याच्या कडेला एक दगड आणि मागच्या टोकाला एक दगड, दोन्हींची डोकी लाल रंगवलेली, एवढीच हद्द. मिस्त्री सकाळी पुढच्या दगडापासून दोरी धरणार होता. आमचा प्लॉट लांबीला बरा पण रुंदीला चिमटा. वीतभर जागा गेली तर जिना बसत नव्हता, हे मिस्त्रीने आम्हाला दहा वेळा बजावलं होतं. आणि जिना नाही म्हणजे वरची खोली नाही. त्या वरच्या खोलीसाठी तर मी भाड्याच्या घरातल्या ओल धरलेल्या भिंती इतकी वर्षं सहन केल्या होत्या. तेव्हा तो लाल डोक्याचा दगड माझ्या दृष्टीने दगड नव्हता, माझा जिना होता.

शेजारी नवरा-बायको आमच्या आधीपासून तिथे ताडपत्री बांधून राहत होते. त्यांचाही विटांचा ढीग पडलेला. माणूस आमच्याहून थोडा मोठा, वाळूजच्या कामगारांच्या शिफ्टच्या बसवर ड्रायव्हर. घरासाठी सुट्टी काढलीय म्हणाला. रात्रपाळीची बस चालवून चालवून रात्रीची झोपच उडालीय, असंही त्याने आपणहून सांगितलं. मी मनात म्हटलं, ज्याला रात्रभर झोप येत नाही असा माणूस माझ्या सळयांपासून हाकेच्या अंतरावर आहे, ही काही आनंदाची बातमी नाही.

नवरा गेल्यावर तो आमच्या ताडपत्रीजवळ येऊन उभा राहिला आणि तिच्याकडे नापासाच्या नजरेने बघू लागला. माझीच नजर ती, मला लगेच ओळखू आली. म्हणाला, छत असं सपाट बांधलं तर पहाटे दव मधोमध साचतं आणि अंगावर गळतं; एक बाजू खाली पाहिजे, वाऱ्याच्या अंगाने. मी काही बोलायच्या आत त्याने गाठी सोडल्या, स्वतःचा दोर आणून नव्याने बांधल्या, बल्ली हलवून बघितली. न मागता दोर देणारा माणूस मला पचत नाही. वर सहज विचारतो कसा, आज राखणीला कोण आहे? मी उत्तर जुळवत होते तोवर आत्यांनी सांगूनही टाकलं, आम्ही दोघीच हाय, पोराला ड्युटी लागली. मी त्यांच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. त्यांना वाटलं, डोळ्यात काही गेलं.

दिवस कलायला आला तेव्हा मी खरी सावध झाले. तो माणूस पुढच्या दगडापाशी गेला, दगडावर चप्पल ठेवून उभा राहिला आणि एक डोळा मिटून मागच्या दगडाकडे रोखून बघत बसला. बराच वेळ. मग बोटाने हवेतच एक रेघ ओढली आणि आपल्या ताडपत्रीत गेला.

जेवताना मी आत्यांना सांगितलं. हळू आवाजातच सांगितलं, पण सगळं सांगितलं. दोराचं, चौकशीचं, डोळा मिटून बघण्याचं.

"आत्या, ह्याचा डोळा दगडावर आहे," मी म्हटलं. "उद्या फक्की पडायच्या आत काहीतरी करणार हा."

आत्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी मान वळवून दगडाकडे पाहिलं, मग शेजाऱ्याच्या ताडपत्रीकडे.

"पक्का रवलाय का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, कसला पक्का, नुसता मुरमात दाबलाय, शेंबडं पोरही हलवील. आत्यांनी भाकरी संपवली, ताट पुसलं आणि खुरपं उशाखाली सरकवलं.

डोक्यावर छत नसताना झोपायची ही माझी पहिली वेळ. लहानपणी उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचो, पण गच्चीला कठडा असतो, खाली आई असते. इथे एका बाजूला ताडपत्रीची कड, तिच्यावर चार विटा, आणि बाकी तिन्ही बाजूंनी मोकळं रान. वारा आला की ताडपत्री फडफडायची आणि मला वाटायचं, कुणी ती उचलतंय. वारा पडला की ती गप्प व्हायची आणि वाटायचं, आता कुणी धरून ठेवलीय. नव्या प्लास्टिकचा वास नाकात बसला होता. गोधडीखालून मुरुम पाठीला टोचत होता. लांब जळगाव रोडवरून मक्याचे, कापसाचे ट्रक जात होते. त्यांचे दिवे वळणावर येत तेव्हा निळं प्लास्टिक क्षणभर उजळायचं आणि त्यावर बल्लीची सावली चालत जायची. सावली बल्लीची आहे हे मला माहीत होतं. तरी दर वेळी मी मोबाईल घट्ट धरायचे.

शेजारची ताडपत्री इतकी जवळ होती की ती बाई कुशीवर वळली तरी कळायचं. तिला खोकला होता. मध्येच एकदा तो माणूस तिला पाणी देताना ऐकू आला, आणि त्यानंतर अंधारात विडीचं लाल टोक दिसलं. जागा होता तर. मी सिमेंटच्या पोत्यांना टेकून बसले. आज डोळा लागू द्यायचा नाही असं ठरवलं. मनातल्या मनात सकाळच्या भांडणाची वाक्यंही जुळवून ठेवली. एकेक वाक्य इतकं झकास जमत होतं की भांडण झालं नाही तर वाईट वाटलं असतं.

पण डोळा लागलाच. जाग आली ती आवाजाने. खर्र, खर्र, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा खर्र. जमीन कुणीतरी दबकत खरवडत होतं, आणि आवाज दगडाच्या बाजूने येत होता. हाक मारावी असं वाटत होतं आणि तोंड उघडत नव्हतं. मी आत्यांना उठवायला हात लांब केला. हाताला नुसती गोधडी लागली.

तेवढ्यात आवाज थांबला आणि आत्या वाकून आत आल्या. बसल्या. त्यांना धाप लागली होती.

"कुठं गेला होता?"

"बाहेर जाऊन आले."

"आवाज ऐकला का? काहीतरी उकरत होतं."

"कुत्रं असंल," त्या म्हणाल्या. "झोप तू."

आणि गोधडी डोक्यावर ओढून त्या झोपल्याही, अगदी गाढ. मी बाहेर बघितलं. समोर विडीचं टोक पेटलेलं होतं. म्हणजे हाच तो. दगडाशी जाऊन येऊन आता निवांत विडी ओढत बसलाय. उठावं, टॉर्च मारावा, तिथल्या तिथे पकडावं, असं शंभरदा मनात आलं. गेले नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. एक बाईमाणूस आणि एक म्हातारी, आजूबाजूला चिटपाखरू नाही. मी उजाडेपर्यंत मोबाईल धरून बसून राहिले आणि माझा राग आतल्या आत शिजत राहिला.

पहाटे ताडपत्रीवरून दव ओघळलं ते उतरत्या बाजूने सरळ बाहेर पडलं. आम्ही दोघी कोरड्या होतो. हे माझ्या लक्षात आलं, आणि लक्षात आलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

दिसायला लागल्याबरोबर मी दगडापाशी गेले. भोवतीचा मुरुम ताजा उकरलेला, पुन्हा भरून वरून पायाने दाबलेला. पावलं पुसून टाकलेली. मला हवा होता तो पुरावा माझ्या पायाशी होता. तेवढ्यात मिस्त्रीची गाडीही आली. शेजारी मंजन लावत होता, त्याची बायको स्टोव्ह पेटवत होती. मी त्याला नावाने नाही, बोटाने बोलावलं.

म्हटलं, रात्री ह्या दगडाला कुणीतरी हात लावलाय, आणि कुणी ते मला सांगायची गरज नाही. रात्री जुळवलेली सगळी वाक्यं मी ओळीने बाहेर काढली. त्याची बायको पातेलं हातात धरून उभी राहिली. तो चूळ भरेपर्यंत थांबला, तोंड पुसलं.

"मोजून घ्या, वहिनी," एवढंच म्हणाला.

मला तेच हवं होतं. मिस्त्रीने टेप काढला. आमच्या प्लॉटच्या पलीकडच्या कडेच्या दगडावर एक टोक मी स्वतः धरलं, दुसऱ्या कुणावर विश्वास कसा ठेवणार. मिस्त्रीने टेप हद्दीच्या दगडापर्यंत ताणला, आकडा वाचला. पुन्हा वाचला. मी म्हटलं, किती कमी भरतंय ते बोला की मोठ्याने.

"कमी नाय ताई," मिस्त्री म्हणाला. "तुमचं वीतभर जास्त भरतंय."

टेप माझ्या हातात तसाच राहिला. मी वळून पाहिलं. आत्या ताडपत्रीखाली बसून गोधडीची घडी घालत होत्या. घडी झालेलीच होती, ती उलगडून पुन्हा घालत होत्या. शेजारी खुरपं पडलं होतं आणि त्याच्या पात्यावर पांढरट मुरुम वाळून बसला होता.

आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. रात्रभर मी ज्या बाजूला डोळे लावून बसले होते त्याच्या उलट बाजूला, माझ्याच अंथरुणाशेजारी, ते घडलं होतं. मी ओरडून ओरडून चोर दाखवला, टेप मागवला, आणि मोजून आमचंच घर पकडून दिलं.

तो माणूस माझ्याकडे बघत होता. माझी नजर कुठे गेली हेही त्याने पाहिलं. मिस्त्री विचारायला लागला, की असं कसं, लेआउट पाडला तेव्हा तर बरोबर होतं. मी तोंड उघडलं, पण त्याआधी तोच बोलला.

"रात्री कुत्री लई उकरत व्हती इथं," तो मिस्त्रीला म्हणाला. "त्यानंच सरकला असंल."

कुत्रं. हा शब्द रात्री आमच्या ताडपत्रीत, गोधडीत तोंड घालून बोललेला. म्हणजे त्याने तो ऐकला होता. खुरप्याचा आवाज ऐकला होता, अंधारात वाकलेली म्हातारी विडी ओढत बसून पाहिली होती. आणि त्याच्याही आधी, जेवताना मी त्याच्याबद्दल जे जे बोलले तेही शब्द न् शब्द ऐकलं होतं. आपली जागा वीतभर जाताना बघूनही हा माणूस जागचा हलला नाही. सकाळी टेप येणार हे त्याला ठाऊक होतं.

त्याने स्वतःच पहार आणली. दगड उपटला, आमच्या बाजूला मागे सरकवला, भोवती विटांचे तुकडे ठोकले. मग तिथूनच हाक मारली.

"मावशी, बघा बरं, बरोबर हाय का."

मला वाटलं, आत्या येणार नाहीत. पण त्या आल्या. पदर सावरून दगडामागे उभ्या राहिल्या, एक डोळा मिटला आणि मागच्या दगडाकडे रोखून पाहिलं. आदल्या संध्याकाळी त्याने पाहिलं होतं अगदी तसंच. शेतातल्या माणसाची ती बघायची पद्धतच आहे, हे मला तेव्हा कळलं.

"अजून दोन बोटं आमच्याकडं घ्या," त्या म्हणाल्या. "तुमची जागा दबतीय."

त्याने दोन बोटं सरकवला. मिस्त्रीने टेप लावला आणि मान हलवली.

मी आत्यांच्या हातावर पाणी घालायला गेले तेव्हा आमच्यात काय ते बोलणं झालं. त्या रडल्या नाहीत, माफीही मागितली नाही. गावाकडचा आमचा बांध मी पाहिलेला आहे. आत्यांचा चुलत दीर दर नांगरटीला तो थोडा थोडा कोरत आला, असा बेताने की एका वर्षात कळू नये. बांधावर आत्यांनी लावलेली बोर आज त्याच्या शेताच्या मधोमध उभी आहे. सासरे असताना त्या बोलायच्या, तर सासरे म्हणायचे, भावकीत तोंड वाजवू नको. सासरे गेले. बोरं ते लोक खातात.

"माझ्या बांधाला कुणी टेप लावला नाय," आत्या म्हणाल्या. "नुसती बघत ऱ्हायले. म्हणलं, पोराच्या जागेला तसं व्हायला नको. तूच म्हणली ना, त्याचा डोळा दगडावर हाय. मग त्यानं सरकवायच्या आधी आपण सरकवावा."

कुणाच्या तरी अंगावर ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडायला माणूस उरला नव्हता. मी त्यांच्या हातावर आणखी पाणी घातलं. नखांत अडकलेला मुरुम काही निघत नव्हता.

थोड्या वेळाने नवरा नारळ आणि पेढे घेऊन आला. रात्र कशी गेली, त्याने विचारलं. थंडी होती, आत्या म्हणाल्या. मी ताडपत्री सोडायला घेतली. शेजाऱ्याच्या दोराच्या गाठी इतक्या पक्क्या होत्या की माझ्याने सुटेनात. शेवटी त्यालाच बोलवावं लागलं. तो आला, दोन झटक्यांत गाठी सोडल्या, दोर गुंडाळून काखेत घेतला आणि गेला. मी आभार मानले की नाही ते आठवत नाही. बहुतेक नाही.

आता आमचं घर उभं आहे. जिना बसला, वरची खोली झाली, तिथेच बसून मी हे लिहितेय. त्यांचंही घर झालं. वाईटपणा कसलाच नाही. ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीचा चिवडा गल्लीत फिरतो तशा आमच्याकडून त्यांच्याकडे, त्यांच्याकडून आमच्याकडे वाट्या जातात येतात. आत्या आल्या की तो खुर्ची टाकून मक्याच्या भावाच्या गोष्टी करतो. मात्र आमच्या भिंतीला प्लास्टर झालं तेव्हा, रंग लागला तेव्हा, साधा पाण्याचा पाइप बसवला तेव्हाही, तो खुर्ची घेऊन दाराशी बसलेला होता. काम संपेपर्यंत. हसतमुखाने. कारखान्यात एखाद्या माणसाचा माल एकदा खोटा निघाला की पुढे आम्ही त्याचा प्रत्येक नग तपासतो. त्यात राग नसतो. मला ते सगळ्यात आधी कळायला हवं.

दोन्ही घरांच्या मधे त्यांनी एक दिवा लावलाय. त्याचं तोंड आमच्या भिंतीकडे आहे आणि तो रात्रभर चालू असतो. माझ्या खोलीत त्याचा उजेड पडतो म्हणून एकदा मी त्याच्या बायकोला सहज विचारलं.

"कुत्री लई उकरतात हो इथं," ती म्हणाली.

मी मान हलवली आणि खिडकीला जाड पडदा लावून घेतला.